हळदीचा डाग आणि अणूवरचा भार



आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातलं वायगाव.
इथल्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं.

या हळदीचा डाग कपड्यावर पडला, की तो पिवळा दिसतो.
साबण लावला, की लालसर होतो.
असं का होतं?

हळदीचा रंग कुरकुमिन या रेणूचा.
साबणाच्या अल्कलीमुळे त्यातल्या ऑक्सिजनवरचा हायड्रोजन निघून जातो.
जाताना आपला इलेक्ट्रॉन मात्र मागे ठेवतो.
म्हणून त्या ऑक्सिजनवर ऋण भार येतो, आणि रंग बदलतो.

आता विद्यार्थी मित्रांनो, असा भार कागदावरच्या रचनेत कसा ओळखायचा?

अणूचे हात मोजा.
हात म्हणजे बंध. दुहेरी बंध म्हणजे दोन हात.
कार्बनचे चार, नायट्रोजनचे तीन, ऑक्सिजनचे दोन.

ऑक्सिजनला एकच हात दिसला, तर ऋण भार.
तीन दिसले, तर धन भार.
नायट्रोजनला चार दिसले, तरी धन भारच.

पुन्हा सांगते, आधी हात मोजा.
आणि न दाखवलेले हायड्रोजन मोजायला विसरू नका. बहुतेकांची चूक तिथंच होते.

कार्बन जरा अवघड.
त्याला तीनच हात असले, तर मोकळी इलेक्ट्रॉनजोडी शोधा.
जोडी असेल, तर ऋण भार.
तीनच हात आणि एकही मोकळा इलेक्ट्रॉन नाही, तर धन भार.

घरी त्या लालसर डागावर लिंबू पिळून पाहा.
आम्लातून ऑक्सिजनला हायड्रोजन परत मिळतो.
भार जातो, आणि डाग पुन्हा पिवळा होतो.