शिकणारा हात

सोनोग्राफी हा शब्द आतां आपल्या घरोघरीं परिचयाचा झाला आहे. परंतु अपघात-विभागांतील तरुण डॉक्टरांना रुग्णाच्या खाटेपाशींच तें यंत्र स्वतःच्या हातानें चालवावयास शिकवितात, तो प्रकार पाहण्याचा, खरें म्हणजे भोगण्याचा, योग मला अलीकडेच आला. अशा सरावाला निरोगी मनुष्याचें शरीर लागतें. माझ्या डॉक्टर भाच्यानें विचारलें, "मामा, तासभर नुसतें पडून राहाल का?" सेवानिवृत्त शिक्षकाला याहून सोपें काम तें कोणतें!

मीं होकार दिला त्याला एक कारण होतें. पुष्कळ वर्षांपूर्वीं माझा एक विद्यार्थी मोटारसायकलवरून पडला. जखम म्हणावी तर कोपर खरचटलेलें. तो माझ्याशीं बोलत होता, पुनःपुन्हां पाणी मागत होता. आणि दोन तासांच्या आंत गेला. प्लीहा फाटून पोटांत रक्त सांचत होतें, तें कोणाच्याच ध्यानांत आलें नाहीं.

डोळ्याला न दिसणारें हें रक्त ध्वनीच्या साह्यानें पाहतां येतें. आपल्या कानाला सेकंदास सुमारें २०,००० कंपनांपर्यंतचाच ध्वनि ऐकूं येतो. पोट तपासणाऱ्या प्रोबमधील लहरी २० ते ५० लक्ष कंपनांच्या असतात. त्या आंतील अवयवांवर आदळून परततात व पडद्यावर करड्या छटांचें चित्र उमटतें. पातळ रक्तांतून प्रतिध्वनि येत नाहीं, म्हणून तें काळें दिसतें. मनुष्य उताणा निजला असतां तें सखल जागीं उतरतें : यकृत व उजवें मूत्रपिंड यांमधील खांच, प्लीहेभोंवतालची जागा आणि ओटीपोट. चौथें ठिकाण हृदयाभोंवतालची पिशवी. या चतुःस्थानी तपासणीस १९९६ च्या सुमारास अमेरिकेंत 'फास्ट' हें आद्याक्षरी नांव रूढ झालें. ती कांहीं मिनिटांत होते.

व्याख्यान अर्ध्या तासांत आटोपलें. नंतर माझ्या पोटावर थंडगार जेल आलें आणि एका तरुण डॉक्टर मुलीनें प्रोब टेकविला. पडद्यावर बरगड्यांच्या सावल्यांवांचून कांहीं दिसेना. ती पडद्याऐवजीं स्वतःच्या हाताकडेच पाहत होती. पहिलीचीं मुलें पेन्सिलीकडे पाहतात तशी! शिक्षकांनीं आपले दोन्ही हात पाठीमागें बांधले होते. तिचा हात त्यांनीं धरला नाहीं, तें मला फार आवडलें. नुसतें म्हणाले, "सरकवूं नका, कलवा." ती मला म्हणाली, "सर, श्वास आंत घ्या आणि धरा." मीं धरला. यकृत खालीं आलें आणि त्याच्या आड मूत्रपिंड, भिजविलेल्या वालासारखें, स्पष्ट दिसलें. तिचा चेहरा उजळला.

परंतु निरोगी पोटांत रक्त कोठून असणार? म्हणून कांहीं ठिकाणीं, उपचारासाठीं ज्यांच्या उदरांत डायलिसिसचा द्रव भरलेला असतो, असे रुग्ण सरावाकरितां बोलावितात. अमेरिकेंतील आपत्कालीन वैद्यांच्या महाविद्यालयानें २००१ मध्यें जी मार्गदर्शिका काढली, तींत प्रत्येक प्रकारच्या २५ ते ५० तपासण्या सांगितल्या आहेत, आणि त्या जाणत्यानें पुन्हां पाहावयाच्या. कारण कच्च्या हाताला 'रक्त नाहीं' असें वाटणें हें घातक ठरतें. थोडें रक्त तर पक्क्या हातालाहि सांपडत नाहीं. तेव्हां घटकेनें पुन्हां पाहावें लागतें.

आपल्या देशांत आपत्कालीन वैद्यकाला स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता २००९ मध्यें मिळाली. शिवाय येथें यंत्राची सरकारदरबारीं नोंद लागते. गर्भलिंगपरीक्षेविरुद्ध महाराष्ट्रानें १९८८ मध्यें व केंद्रानें १९९४ मध्यें कायदा केला. त्या बंधनाबद्दल कुरकूर करण्याचा अधिकार आपणांस नाहीं; मुली नाहींशा करण्याचें पाप आपलेंच होतें. तथापि नोंदणी करून यंत्र अपघात-विभागांत आणणें, आणि तें चालविणारे हात तयार करणें, या गोष्टी त्यामुळें अडावयास नकोत.

तास संपला. मी जेल पुसून सदरा घालीत होतों, तोंच ती मुलगी परत आली. "सर, डावी बाजू मला नीट जमली नाहीं. प्लीहा फार मागें असते. हाताचीं पेरें गादीला टेकेपर्यंत प्रोब मागें न्यावा लागतो. आणखी एकदां पाहूं का?"

मीं सदरा काढला आणि पुन्हां आडवा झालों.