पेटीलाही वारा हवा

(रात्रीच्या प्रौढ वर्गात दिलेले भाषण)



आज मी तुम्हांला एका लाकडी पेटीविषयी सांगणार आहे. पेटी म्हणजे पैशाअडक्याची पेटी नव्हे. भजनातली बाजाची पेटीही नव्हे. ही खेळाची पेटी आहे. पोरे ती हाताने बनवतात. तिच्या पोटात एक लहानसा संगणक असतो. तो तापतो. फार तापला की अडखळतो. त्याला थंड कसे ठेवायचे, हा आजचा विषय.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, हा तर पोरांचा खेळ. आम्हांला त्याचे काय?" सांगतो. पोरगा पैसे कोणाकडे मागतो? बापाकडे. लाकूड कापून घ्यायला कोणाकडे जातो? सुताराकडे. पेटी बिघडली तर भुर्दंड कोणाला? घराला. म्हणून घरातल्या मोठ्यांनीही ही पेटी समजून घ्यावी. ती समजायला फार शिक्षण लागत नाही. डोळे उघडे लागतात.

आधी ही पेटी म्हणजे काय ते पाहू. सन १९७८ मध्ये जपानात 'स्पेस इन्व्हेडर्स' नावाचा खेळ निघाला. १९८० मध्ये 'पॅक-मॅन' निघाला. हे खेळ उभ्या कपाटाएवढ्या यंत्रात असत. नाणे टाकायचे, दांडी धरायची, बटणे दाबायची, आणि समोरच्या काचेवर खेळ चाले. पुढे अशी यंत्रे आपल्या शहरांतल्या दुकानांतही आली. तुमच्यापैकी काहींनी ती पाहिली असतील.

आता पोरे एवढे मोठे कपाट करीत नाहीत. दांडी आणि बटणे तेवढी एका लाकडी पेटीवर बसवतात. पेटीच्या आत संगणक ठेवतात. एक तार घरातल्या टीव्हीला जोडतात. झाला खेळ तयार.

हा संगणक केवढा असतो? साधारण पत्त्याच्या पानाएवढा. 'रास्पबेरी पाय' नावाचा असा संगणक २०१२ साली इंग्लंडात विक्रीला आला. मुलांनी संगणक चालवायला शिकावे, म्हणून तो स्वस्त आणि लहान केला. त्याची लांबी ८५ मिलिमीटर आणि रुंदी ५६ मिलिमीटर. त्याच्या मधोमध एक चौकोनी चकती असते. तिला चिप म्हणतात. ती त्याचा मेंदू. सगळी आकडेमोड तीच करते, आणि सगळ्यांत जास्त तापतेही तीच.

ती का तापते? वीज आत जाते, काम होते, आणि त्या विजेची शेवटी उष्णता होते. २०१९ साली निघालेल्या चौथ्या पायचे उदाहरण घ्या. त्याचा अडॅप्टर जास्तीत जास्त १५ वॅट वीज देतो. खेळताना याहून कमी लागते. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा विजेची ती उष्णता केवढी! खरे आहे. उघड्यावर ती वाऱ्याबरोबर निघून जाते. पण बंद पेटीत ती जाणार कुठे?

आता एक प्रसंग डोळ्यांपुढे आणा. एका पोराने सुट्टीत दुकानात काम करून पैसे साठवले. काही हजार रुपये घालून संगणक आणि बटणे आणली. सुतारकाकांनी त्याला पेटी करून दिली. आठ दिवसांनी पोरगा परत आला.

"काका, पेटी झकास झाली. पण थोडा वेळ खेळलं की खेळ अडखळायला लागतो. दुकानदार म्हणतो, संगणक खराब असेल, दुसरा घे. दुसरा कुठून आणू?"

सुतारकाका म्हणाले, "बाबा रे, तुझ्या संगणकाचं मला कळत नाही. पण माझ्या कामात खोट नाही. सुईएवढी फट सापडली तर दाखव."

पोरगा म्हणाला, "तेच तर झालंय, काका. फटच नाही. त्याला वारा कुठून मिळणार?"

काका क्षणभर गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे हे कांद्याच्या चाळीसारखं आहे म्हण की!"

मंडळी, काका अगदी बरोबर बोलले. फट न ठेवणे ही सुताराची अब्रू. पण कांद्याची चाळ आपण तशी बांधतो का? नाही. तिचा तळ जमिनीपासून उंच ठेवतो. बाजूला पट्ट्या मारतो आणि मध्ये फटी सोडतो. खालून वारा शिरतो, वरून आणि बाजूने निघतो. फटी बुजवल्या तर कांदा सडतो. या पेटीचेही तसेच आहे. संगणक सडत नाही एवढेच.

मग त्याचे काय होते? ते नीट ऐका, कारण इथेच लोक फसतात. चिप फार तापली की ती स्वतःच सावध होते. चौथ्या पायची चिप ८० अंशांच्या पुढे गेली की आपला वेग कमी करते. ८५ अंशांना पोचली की आणखी कमी करते. उन्हात थकलेला बैल चाल मंदावतो ना, तसेच. बैल मेलेला नसतो. त्याला सावली हवी असते. म्हणून खेळ अडखळला की लगेच संगणक फेकू नका. नवा घेऊन त्याच बंद पेटीत घातला, तर तोही अडखळेल. आधी झाकण उघडून चालवून पाहा. उघड्या पेटीत खेळ सुरळीत चालला, तर दोष बहुधा कोंडलेल्या उष्णतेचा समजा.

आता लाकडाचा गुण पाहू. कोळशाच्या इस्त्रीला मूठ लाकडाची असते. का बरे? लाकडातून उष्णता हाताला लवकर पोचत नाही म्हणून. ॲल्युमिनियममधून उष्णता लाकडाच्या हजार पटींहूनही जास्त सहज वाहते. मुठीला लाकूड चांगले. पण इथे तोच गुण अवगुण होतो. आतली उष्णता लाकूड बाहेर जाऊ देत नाही. म्हणून लाकडी पेटीत वाट आपण करून द्यावी लागते.

ही वाट कशी करायची? चार कामे आहेत. क्रमाने सांगतो.

पहिले काम भोकांचे. ऊन झालेली हवा हलकी होते आणि वर जाते. म्हणून गार हवा आत येण्याची भोके खाली पाडा. ऊन हवा बाहेर जाण्याची भोके मागच्या बाजूला, वरच्या कडेजवळ पाडा. दोन्ही भोके समोरासमोरच्या बाजूंना असावीत, म्हणजे वारा संगणकावरून जाईल. नुसती वर पाडली आणि खाली नाही, तर वारा नीट खेळत नाही. भोके पाडण्यापूर्वी संगणक बाहेर काढा. लाकडाचा भुसा त्यावर पडू देऊ नका. पेटीला खालून रबराचे चार पाय लावा, नाहीतर तळाची भोके टेबलावर टेकून बंद होतील. पेटी मांडीवर घेऊन खेळायची असेल, तर भोके तळाला पाडू नका, बाजूलाच पाडा. झुरळ, पाल आत शिरू नये म्हणून भोकांना आतून जाळी लावा. जाळीने वारा थोडा अडतो, म्हणून भोके जरा मोठी ठेवा.

दुसरे काम जागेचे. संगणक लाकडावर सपाट टेकवू नका. नायलॉनच्या लहान पायांवर तो सुमारे एक सेंटिमीटर उंच बसवा. म्हणजे खालूनही वारा खेळेल. बटणांच्या तारांचा गुंता त्याच्यावर येऊ देऊ नका. तारा एका बाजूला बांधून ठेवा.

तिसरे काम पात्यांचे. गरम चहा आपण बशीत ओततो. का? तो पसरतो आणि लवकर निवतो. मोटारसायकलच्या इंजिनाला पातळ पात्या असतात, त्याही यासाठीच. उष्णता पसरली की वाऱ्याला ती लवकर नेता येते. चिपवरही असाच ॲल्युमिनियमचा पात्यांचा तुकडा बसवतात. दुकानात त्याला 'हीट सिंक' म्हणतात. त्याच्या खाली उष्णता वाहून नेणारी पातळ पट्टी असावी. तिला 'थर्मल पॅड' म्हणतात. तुकडा चिपला नीट टेकला पाहिजे. भांड्याचा बूड चुलीवर वाकडा बसला तर स्वयंपाक होईल का? तसेच हे.

चौथे काम पंख्याचे. बशीतल्या चहावर फुंकर मारली की तो आणखी लवकर निवतो. पंखा म्हणजे फुंकर. ५ व्होल्टवर चालणारा लहान पंखा मिळतो. तो वरच्या भोकाशी असा बसवा, की ऊन हवा बाहेर फेकली जाईल. पंख्याच्या ज्या बाजूला चिठ्ठी चिकटवलेली असते, बहुधा त्याच बाजूने वारा बाहेर पडतो. खात्रीसाठी कागदाचा कपटा समोर धरून पाहा. मात्र एक ध्यानात ठेवा. भोकेच नसतील तर पंखा आतलीच ऊन हवा घुसळत बसेल. म्हणून भोके आधी, पंखा मागून. पुष्कळदा पहिल्या तीन कामांनीच भागते, आणि पंख्याचा खर्च वाचतो.

आता थोडे गणित करू. तुम्ही आता अंक लिहायला शिकला आहात. हे गणित वहीत मांडा.

संगणक आपले तापमान स्वतः दाखवतो. पोराला विचारा, तो पडद्यावर आकडा दाखवील. पेटी बंद करून अर्धा तास खेळू द्या. मग तो आकडा लिहा. शेजारी खोलीचे तापमान लिहा. समजा, चिप ७० अंश आणि खोली २८ अंश आहे. ७० मधून २८ वजा करा. उरले ४२. याला आपण 'चढ' म्हणू. खोलीपेक्षा चिप ४२ अंश चढली.

हा चढ फार महत्त्वाचा. खोली तापली तरी चढ साधारण तेवढाच राहतो. थंडीच्या दिवसांत पोरगा म्हणेल, "७० म्हणजे ८० च्या आत. ठीक आहे." पण वैशाखात काय होईल? आपल्या विदर्भात पारा ४५ च्याही वर जातो. घरात ४२ अंश धरा. ४२ आणि ४२ मिळून ८४. पेटी तीच, संगणक तोच, खेळही तोच. पण चिप हद्द ओलांडून गेली. थंडीतली परीक्षा उन्हाळ्यात नापास!

आता समजा, भोके पाडली आणि पात्यांचा तुकडा लावला. चढ ४२ वरून ३० वर आला. मग वैशाखात ४२ आणि ३० मिळून ७२. खेळ सुरळीत. म्हणजे आपल्याला उन्हाळा कमी करता येत नाही, पण चढ कमी करता येतो. कितीही पंखे लावा, चिप खोलीतल्या हवेपेक्षा गार होणार नाही. म्हणून पेटी उन्हाच्या खिडकीत किंवा चुलीजवळ ठेवू नका.

काही मायबहिणी विचारतील, "गुरुजी, एवढी तापली तर पेटी पेट घेईल का?" प्रश्न चांगला आहे. ८५ अंशांना लाकूड पेटत नाही. चिपची तशी भीती नाही. भीती दुसऱ्या गोष्टींची आहे. सैल जोडलेली तार तापते. हलका अडॅप्टर तापतो. म्हणून घरातली २३० व्होल्टची वीज पेटीत नेऊ नका. चांगला अडॅप्टर घ्या, तो पेटीच्या बाहेरच ठेवा, आणि ५ व्होल्टची तार तेवढी आत न्या. फोनला जोडतात ती पॉवर बँकही पेटीत कोंडू नका. तिच्यातली बॅटरी उष्णतेने खराब होते, आणि खराब झालेली बॅटरी पेट घेऊ शकते. खेळ संपला की वीज बंद करा. जळका वास आला तर "बघू उद्या" म्हणू नका. आधी वीज तोडा, मग बघा.

दोन महिन्यांनी पेटी उघडून धूळ काढा. मऊ कुंचला पुरे. वीज बंद करूनच हे काम करा. पात्यांत धूळ बसली की चढ पुन्हा वाढतो. तुमच्या वहीतला जुना आकडा आणि नवा आकडा ताडून पाहा, म्हणजे कळेल. लिहून ठेवण्याचा हा फायदा. आठवण चुकते, वही चुकत नाही.

आता घरी गेल्यावर आणखी एक पाहा. टीव्हीखालच्या सेट-टॉप बॉक्सवर आपण हौसेने विणलेला रुमाल घालतो. फोन उशीखाली ठेवून चार्ज करतो. त्या वस्तूही आतून तापतात. त्यांनाही वारा हवा. रुमाल काढा. फोन उघड्यावर ठेवा. याला पैसा लागत नाही.

त्या सुतारकाकांनी पुढे काय केले असेल? गिरमिट काढले असेल आणि पेटीला ओळीने सुबक भोके पाडली असतील. नेमक्या जागी पाडलेले भोक हीही कारागिरीच आहे. पोराचे पैसे वाचले. काकांची अब्रूही राहिली.

तुमच्याकडे उद्या असा एखादा पोरगा आला, तर त्याला हसू नका. त्याला एवढेच विचारा, "बाळा, वारा कुठून येणार, आणि कुठून जाणार?" त्याला उत्तर देता आले, तर पेटी करून द्या. नाही आले, तर दोघे मिळून कागदावर पेटी काढा, आणि वाऱ्याची वाट बाणाने दाखवा. मगच लाकडाला करवत लावा.

एवढे बोलून मी थांबतो. नमस्कार.