सवलतीचा मोह आणि फणेरपेटी

(मंडळाच्या महिला शाखेने योजलेल्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकू समारंभातील भाषणाचा मजकूर, सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी किंचित विस्तार करून.)



या समारंभात बोलण्याचे निमंत्रण देताना सचिवबाईंनी मला विषय विचारला. ‘सेलमध्ये प्रसाधने घेण्याचा मोह कसा आवरावा’ असे मी सांगताच त्या क्षणभर गप्प राहिल्या. गेल्या पन्नास वर्षांत आपल्या व्यासपीठावर ज्ञानेश्वरीपासून नाट्यसंगीतापर्यंत अनेक विषयांवर व्याख्याने झाली. त्या मालिकेत लिपस्टिकला स्थान मिळावे हे त्यांना चमत्कारिक वाटले असावे. परंतु आंब्याची डाळ आणि पन्हे झाल्यावर येथील निम्म्या मैत्रिणी थेट गडियाहाटच्या चैत्र-सेलकडे वळणार आहेत, हे मला ठाऊक आहे. मीही अनेक वर्षे वळत होते. तेव्हा हा विषय आपल्या संसाराच्या अगदी जवळचा आहे, एवढे तरी मान्य व्हावे.

प्रारंभीच सांगते की, मी साजशृंगाराच्या विरुद्ध नाही. नीटनेटके दिसावे, चारचौघींत उठून दिसावे, ही इच्छा निर्मळ आहे. माझ्या आजीजवळ शिसवी फणेरपेटी होती. झाकणाला आतून आरसा, खाली फणी, कुंकवाचा करंडा, मेणाची डबी आणि घरी धरलेल्या काजळाची डबी. रोज सकाळी न्हाऊन आल्यावर ती त्या पेटीसमोर बसे आणि त्या वेळी तिला कोणी हाक मारलेली खपत नसे. मात्र त्या पेटीत खण मोजके होते. करंडा रिकामा झाल्यावाचून नवे कुंकू येत नसे. आजीला संयमाचा उपदेश कोणी केला नव्हता. तिच्या पेटीत जागाच तेवढी होती.

तिच्या काळी खरेदीलाही मुहूर्त असत. साडेतीन मुहूर्तांपैकी एखादा साधून वर्षाची मोठी खरेदी व्हावयाची. आता मुहूर्ताची जागा सवलतीने घेतली आहे. बंगाली वर्ष चैत्राअखेर संपते, वैशाखाच्या पहिल्या दिवशी व्यापारी ‘हालखाता’ म्हणून नवी चोपडी उघडतात, आणि तत्पूर्वी जुना माल काढून टाकण्यासाठी गडियाहाटपासून हातीबागानपर्यंत महिनाभर सेल चालतो. माझी धाकटी बहीण चेन्नईस असते. तिकडे जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत ‘आडि’ महिना असतो. त्या महिन्यात मंगलकार्ये टाळतात, त्यामुळे गिऱ्हाईक रोडावते. म्हणून त्यागरायनगरातील दुकानदार त्याच महिन्यात सवलती देऊ लागले. म्हणजे इकडे वर्ष संपते म्हणून खरेदी, तिकडे महिना शुभ नाही म्हणून खरेदी! व्यापाऱ्यापाशी प्रत्येक पंचांगाला उत्तर आहे. आणि आता तर हातातल्या फोनवर बारमाही सेल आहे. त्याला पंचांगाचीही गरज उरलेली नाही.

सवलतीपुढे आपली बुद्धी का लुळी पडते, याचा विद्वानांनीही अभ्यास केला आहे. ॲमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांसमोर आकड्यांचे एक चक्र फिरवीत. ते १० किंवा ६५ या आकड्यावरच थांबेल अशी योजना होती. मग विचारीत की, संयुक्त राष्ट्रसंघाच्या सदस्यांत आफ्रिकी देश शेकडा किती असतील? ज्यांना १० दिसले त्यांचा अंदाज २५ च्या आसपास आला, ज्यांना ६५ दिसले त्यांचा ४५ च्या आसपास. चक्राचा आणि प्रश्नाचा काडीचाही संबंध नव्हता, तरी आधी दिसलेल्या आकड्याने मन त्याच्याकडे ओढले गेले. डबीवर छापलेली ‘कमाल किरकोळ किंमत’ हेच काम करते. ती उत्पादकाने ठरविलेली आणि कायद्याने ओलांडता न येणारी वरची मर्यादा आहे. वस्तूचे मोल तेवढे आहे असा तिचा अर्थ नाही. पण ८०० हा आकडा खोडून त्याखाली ४०० लिहिले की, आपल्याला ४०० रुपये खर्च झाल्यापेक्षा ४०० रुपये मिळाल्याचाच भास होतो.

रिचर्ड थेलर या अर्थशास्त्रज्ञांनी १९८५ साली या भासाची फोड केली. त्यांच्या मते खरेदीतून दोन प्रकारचे समाधान मिळते: एक वस्तूच्या उपयोगाचे आणि दुसरे केवळ सौदा चांगला झाल्याचे. या दुसऱ्या समाधानासाठी माणूस नको असलेली वस्तूही घरी आणतो. पुढे २०१७ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या मावश्या-काकूंना ही गोष्ट अभ्यासावाचून ठाऊक होती. ‘स्वस्त मिळाले म्हणून हत्ती बांधायचा का दारात?’ असे त्या विचारीत.

थोडे अंकगणितही पाहू. ‘५० टक्के सूट आणि त्यावर आणखी २० टक्के’ अशी पाटी वाचली की मन ७० टक्के म्हणते. प्रत्यक्षात १००० चे ५०० होतात, त्या ५०० वर २० टक्के म्हणजे १००. सूट ६० टक्केच. गेल्याच वर्षी मी फोनवरून ६४९ रुपयांची एक लिपस्टिक मागवीत होते. ९९९ च्या वर खरेदी केल्यास घरपोच आणण्याचे ७० रुपये माफ होते. ते वाचविण्यासाठी मी ३९९ रुपयांचे नखरंग घेतले आणि बचत केल्याच्या आनंदात झोपी गेले. ते नखरंग अद्याप उघडलेले नाही. ‘फक्त २ तास उरले’ असे सांगणारे घड्याळही खरेच असते असे नाही. आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ च्या नोव्हेंबरात फसव्या मांडणीच्या १३ प्रकारांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. खोटी निकड निर्माण करणे हा त्यांतील एक प्रकार आहे.

भगिनींनो, आता स्वतःची एक गोष्ट सांगते. ती सांगण्यासाठीच हा विषय निवडला.

लग्नानंतर मी साताऱ्याहून या शहरात आले, तेव्हा मला बंगाली येत नव्हते. यजमान सकाळी जात ते रात्री येत. पुढे लेक शाळेत जाऊ लागली आणि दुपार फारच मोठी झाली. अशाच एका चैत्रात मी सेलला गेले. प्रसाधनांच्या एका दुकानातील मुलीने मला ‘दीदी’ म्हणून बसावयास स्टूल दिले, माझ्या मोडक्या हिंदीला मोडक्या हिंदीतच उत्तर दिले, मनगटावर चार रंग लावून दाखविले आणि कोणता खुलतो ते सांगितले. त्या महिन्यात घराबाहेरचे कोणी माझ्याशी इतका वेळ बोलले नव्हते. रिकाम्या हाताने उठणे मला प्रशस्त वाटेना. मी दोन लिपस्टिका घेतल्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले. पुढे सेल असो वा नसो, जातच राहिले. त्या मुलीने माझ्यावर कधी काही लादले नाही. मला दुपार विकत हवी होती आणि तिची किंमत मी लिपस्टिकेच्या रूपाने देत होते, एवढेच.

२००३ च्या मे महिन्यात मी आईला कळविले, ‘या वर्षी खर्च फार झाला आहे, येणे जमणार नाही, पुढच्या वर्षी नक्की येते.’ आईने उत्तर पाठविले की, जिवाला त्रास करून घेऊ नकोस. पुढचा मे महिना यायच्या आत आई गेली.

२००४ साली लेक शिक्षणासाठी बाहेरगावी निघाली, तेव्हा कपाट आवरताना माझा एक खण तिने बाहेर ओढला. त्यात १९ वस्तू निघाल्या, त्यांपैकी ११ न उघडलेल्या. लिपस्टिकांना जुन्या तेलासारखा खवट वास येत होता, काजळाच्या कांड्या सुकून गेल्या होत्या. बहुतेकींवर सवलतीच्या चिठ्ठ्या तशाच चिकटलेल्या होत्या, म्हणून मी सहज बेरीज केली. माझे आणि लेकीचे हावडा ते पुणे जाण्यायेण्याचे आझाद हिंद एक्सप्रेसचे भाडे त्या बेरजेत बसत होते आणि वर साताऱ्याच्या एस.टी.पुरते उरत होते.

केवळ त्या खणामुळे माझे जाणे राहिले असे मी म्हणणार नाही. संसारात कारणे अनेक असतात. पण ‘खर्च फार झाला’ असे मी आईला लिहिले, तेव्हा तो कशावर झाला हे मला ठाऊक नव्हते, ही गोष्ट मात्र खरी. सवलतीतील खरेदीचे हेच वैशिष्ट्य आहे. प्रत्येक वेळी ती बचत म्हणून घरात येते, त्यामुळे खर्चाच्या वहीत ती कोणी मांडतच नाही.

त्या दिवसापासून मी काही नियम पाळते. जमेल तसे, कधी मोडूनही. एक, घेतलेल्या वस्तूच्या तळाशी उघडल्याची तारीख लिहावी. मी रोज वापरलेली एक लिपस्टिक सात महिने पुरली. त्या हिशेबाने सात लिपस्टिका म्हणजे चार वर्षांची बेगमी झाली. दोन, मुदत पाहावी. वेष्टनावर ‘अमुक महिन्यापूर्वी वापरावे’ असे छापलेले असते. अनेक वस्तूंवर उघड्या डबीचे चित्र आणि त्यात ६ किंवा १२ असा आकडाही असतो. उघडल्यानंतर तितके महिने ती वस्तू वापरावी, असा त्याचा अर्थ. डोळ्यांची प्रसाधने तर तीन महिन्यांनी टाकून द्यावीत असा नेत्रतज्ज्ञांचा सल्ला असतो. सेलमधील माल पुष्कळदा मुदतीच्या जवळ आलेला असतो, हे ध्यानात ठेवावे. तीन, एक संपल्यावाचून दुसरी आणू नये. हा आजीच्या पेटीचा नियम. चार, पाटी पाहून झाल्यावर स्वतःस विचारावे की, सूट नसती तर ही वस्तू मी घेतली असती काय? उत्तर ‘नाही’ असेल तर अर्ध्या किमतीतही ती महागच. आणि पाच, फोनवरच्या टोपलीत वस्तू ठेवावी, पण पैसे दुसऱ्या दिवशी सकाळी द्यावेत. रात्री अकराला अत्यावश्यक वाटलेली पुष्कळ प्रसाधने सकाळच्या चहाबरोबर अनावश्यक ठरतात, असा माझा अनुभव आहे.

परंतु केवळ नियमांनी हा मोह आवरत नाही, कारण तो सर्वस्वी वस्तूचा नसतो. माझी सेलची वारी कमी झाली ती या मंडळाच्या वाचनालयात दुपारी बसू लागल्यापासून. येथेही मला कोणी तरी बसावयास खुर्ची दिली, साताऱ्याची चौकशी केली आणि उठताना काही विकत घ्यावे लागले नाही. घरापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांना अशा जागेचे मोल किती असते, ते आपण जाणताच.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने एकच विनंती करते. या शहरात नव्याने आलेली एखादी मराठी मुलगी आपल्या ओळखीत असेल, तर या चैत्रात तिच्या दारी जाऊन तिला दुपारचे येथे घेऊन यावे. तिला सेलला जायचे असेल तर अवश्य जावे, आपणही तिच्याबरोबर जावे. तिला एक लिपस्टिक मनाजोगती निवडू द्यावी आणि दुसरीला हात घालताना मात्र तिचे या मे महिन्याचे तिकीट काढून झाले काय, एवढे विचारावे.