जनुक सगळीकडे, इन्सुलिन एकाच ठिकाणी
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



प्रत्येकानं दहा मिनिटं आपल्या आवडीच्या विषयावर बोलायचं ठरलं, तेव्हा मी सॉफ्टवेअरवर बोलेन असं तुम्हाला वाटलं असेल. पण माझ्या मुलाला सातव्या वर्षी टाइप वन मधुमेह झाला, आणि "आपल्या घराण्यात कुणालाच नाही, मग हे आलं कुठून?" हा प्रश्न आजीपासून सोसायटीतल्या काकूंपर्यंत सगळ्यांनी विचारला. अकरावीत बायॉलॉजी सोडून मी इलेक्ट्रॉनिक्स घेतलं होतं. उत्तर शोधायला नव्यानं वाचायला बसले.

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत सगळी जनुकं असतात. इन्सुलिनचं जनुक डोळ्यात आहे, कातडीत आहे, हाडातही आहे. तरी शरीराला लागणारं इन्सुलिन बनतं ते फक्त स्वादुपिंडातल्या बीटा पेशींत. असं का? जनुकाच्या शेजारी डीएनएचा एक तुकडा असतो. त्याला प्रमोटर म्हणतात, आपण स्विच म्हणू. तो दाबणारी प्रथिनं बीटा पेशींत असतात. इतर पेशींत तो संच पुरा नसतो, म्हणून तिथं जनुक असूनही गप्प राहतं.

हे सिद्ध झालं उंदरांमुळे. 1982 साली अमेरिकेत रिचर्ड पामिटर आणि राल्फ ब्रिन्स्टर यांच्या गटानं प्रयोगशाळेतल्या उंदराचं, म्हणजे रॅटचं, वाढीच्या संप्रेरकाचं जनुक घेतलं. त्याला दुसऱ्याच एका जनुकाचा स्विच जोडला. तो स्विच यकृतात जोरात चालणारा होता. हा जोड त्यांनी छोट्या उंदराच्या फलित अंड्यात सोडला. जन्मलेल्या 21 उंदरांपैकी 7 जणांत नवं जनुक उतरलं आणि त्यातले 6 भावंडांपेक्षा खूप मोठे झाले. एरवी मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीत बनणारं संप्रेरक आता यकृत बनवू लागलं होतं. जनुक तेच, स्विच बदलला, जागा बदलली.

1985 मध्ये डग्लस हॅनाहान यांनी उलट केलं. स्विच इन्सुलिनचा ठेवला आणि त्यामागे एका विषाणूचं कर्करोग घडवणारं जनुक लावलं. ते जनुक उंदरांच्या सर्व पेशींत होतं, पण गाठी आल्या त्या बीटा पेशींतच. जनुक बदललं, पण जागा स्विचनंच ठरवली.

माझ्यासारख्या इंजिनिअरला हे लगेच पटलं. कोड सगळ्या मशीनवर एकच असतो. कुठलं मशीन काय चालवणार हे कॉन्फिगरेशन ठरवतं.

आता आजींच्या प्रश्नाचं उत्तर. माझ्या मुलाचं इन्सुलिनचं जनुक शाबूत आहे. ते जिथं उघडतं त्या बीटा पेशी त्याच्याच प्रतिकारशक्तीनं नष्ट केल्या. टाइप वन झालेल्या बहुतेक मुलांच्या जवळच्या नात्यात तो कुणालाच नसतो. तेव्हा आईच्या किंवा वडिलांच्या घराण्याकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही.

इन्सुलिन आज बाहेरून मिळतं. आपल्या मुंबईच्या वोखार्ट कंपनीनं 2003 साली यीस्टच्या पेशींत बनवलेलं मानवी इन्सुलिन बाजारात आणलं. पण त्या मोठ्या उंदरांची पुढची गोष्टही ऐका. अशा उंदरांना मूत्रपिंडाचे विकार झाले, त्यांचं आयुष्य घटलं. संप्रेरक योग्यच होतं, पण पीयूषिकेचा लगाम सुटला होता. इंजेक्शनच्या इन्सुलिनलाही लगाम नसतो. रक्तातली साखर किती आहे हे बीटा पेशीला कळतं, सुईला कळत नाही. तो हिशेब मुलाला आणि आईवडिलांना दिवसरात्र ठेवावा लागतो. जेवण लांबलं, पी.टी.च्या तासाला जास्त पळापळ झाली, की साखर झपकन खाली येते. हात थरथरतात, घाम फुटतो, मूल भोवळ येऊन पडू शकतं.

म्हणून आपल्या माजी विद्यार्थी निधीतून दोन गोष्टी करूया. दर जूनमध्ये शिक्षकांसाठी डॉक्टरांचं एक तासाचं मार्गदर्शन ठेवूया, आणि प्रत्येक मजल्यावरच्या कपाटात ग्लुकोज पावडरचा डबा ठेवूया. आणि सर, बाई, तुम्हाला एक विनंती: असं मूल तासाला साखर तपासत असेल किंवा डबा उघडत असेल, तर त्याला "तास संपू दे" म्हणू नका. स्वादुपिंडाचं काम ते तेव्हा स्वतः करत असतं.