समभागाचे स्वामित्व आणि प्रीमियमचा मोह



चार पुरुषार्थांत अर्थाला मानाचे स्थान आहे. मात्र धर्माचा अंकुश त्यावर राहावा, अशी आपल्या पूर्वसूरींची अपेक्षा आहे. मध्यमवर्गीय कुटुंबांची बचत आज बँकेतील ठेवींकडून मोठ्या प्रमाणावर शेअर बाजाराकडे वळते आहे. अशा वेळी या अंकुशाचा विचार घराघरांत होणे अगत्याचे ठरते. त्या दृष्टीने अमेरिकेतील चिप उद्योगाचे उदाहरण उद्बोधक आहे.

एनव्हिडिया आणि इंटेल या दोन्ही कंपन्यांची मुख्यालये कॅलिफोर्नियातील सांता क्लारा येथे आहेत. त्या परिसरात नोकरी करणाऱ्या मराठी अभियंत्यांपैकी अनेकांना वेतनाचा भाग म्हणून कंपनीचे समभाग मिळतात. असे समभाग दीर्घकाळ जपणाऱ्याला ‘कव्हर्ड कॉल’चा मार्ग हमखास सुचवला जातो. हातातील शंभर समभाग ठरावीक मुदतीत, ठरलेल्या भावाने विकत घेण्याचा हक्क तो दुसऱ्याला देतो आणि त्याबद्दल रोख प्रीमियम घेतो. जमिनीच्या व्यवहारातील इसाराशी याचे साम्य आहे. फरक इतकाच, की इसार पुढे किमतीत वळता होतो. प्रीमियम मात्र सौदा पुरा होवो वा न होवो, विकणाऱ्याकडेच राहतो. शिकागोच्या ऑप्शन बाजारात १९७३ पासून असे सौदे नियमबद्ध रीतीने होत आहेत.

भाव स्थिर राहिला, तर समभागही राहतात आणि प्रीमियमही पदरी पडतो. म्हणूनच याला ‘घरबसल्या भाडे’ म्हणण्याची प्रथा पडली. परंतु या भाड्याची किंमत दोन प्रसंगी कळते.

२४ मे २०२३ रोजी एनव्हिडियाचा भाव सुमारे ३०५ डॉलर होता. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी लागणाऱ्या चिपची मागणी कंपनीने त्या सायंकाळी जाहीर केली आणि दुसऱ्या दिवशी भाव ३७९ डॉलरच्या वर बंद झाला. समजा, एखाद्याने ३३० डॉलरचा कॉल विकला होता. शंभर समभागांवर जवळपास पाच हजार डॉलरची वाढ, मुदतीअखेर भाव तेथेच राहिला तर, त्याच्या हातून गेली. किरकोळ प्रीमियमसाठी अनेक वर्षांच्या संयमाचे फळ दुसऱ्याच्या पदरात पडले.

उलट प्रसंग इंटेलचा. २ ऑगस्ट २०२४ रोजी या समभागाचा भाव एका दिवसात सुमारे २६ टक्क्यांनी कोसळला. कॉल विकणाऱ्याला प्रीमियम मिळाला असेलही, पण घसरण सर्वस्वी त्याच्याच माथी आली. तात्पर्य, या व्यवहारात वाढीला कुंपण आहे, तोट्याला नाही. २००० सालच्या उच्चांकानंतर इंटेलचा भाव वीस वर्षे त्या पातळीवर परतला नाही, हेही ध्यानात ठेवावे. उत्तम उद्योग आणि उत्तम खरेदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

भारतात १९५६ च्या कायद्याने रोख्यांतील ऑप्शनवर बंदी होती. ती १९९५ मध्ये उठली आणि २००१ मध्ये समभागांचे ऑप्शन सुरू झाले. पुढे काय घडले? ‘सेबी’ने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार तीन आर्थिक वर्षांत वायदे व ऑप्शन करणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. यांतील बहुसंख्य व्यवहार कव्हर्ड कॉलसारखे सौम्य नव्हते, हे खरे. तथापि अनेकांची पहिली पायरी ‘थोडेसे मासिक उत्पन्न’ हीच असते. हाती समभाग नसताना कॉल विकण्याची बुद्धी झाली, की तोट्याला सीमाच उरत नाही. तसेच, भारतात राहणाऱ्याला उदारीकृत प्रेषण योजनेखाली परदेशी बाजारातील मार्जिनसाठी पैसा पाठवता येत नाही, याचेही भान असावे.

म्हणून गृहस्थाने तीन पथ्ये पाळावीत. ज्या भावाला समभाग आनंदाने विकता येईल, त्याच भावाचा कॉल द्यावा. सर्व समभाग कधीही गुंतवू नयेत. आणि प्रीमियमवर घरखर्च अवलंबून ठेवू नये.

समभाग म्हणजे उद्योगातील भागीदारी. कारखाना उभा राहायला, अभियंता घडायला वर्षे लागतात. भागीदाराचा संयमही तेवढाच दीर्घ हवा. अशा संयमी बचतीवरच कुटुंब उभे राहते आणि राष्ट्राचे उद्योगही.