कामाचे तास कमी केले कोणी? न्यूयॉर्कची आग आणि नागपूरचं मोहन पार्क

नागपूरच्या नंदनवनातून मी बोलतेय.

14 एप्रिल जवळ आला की एक फॉरवर्ड सगळ्यांच्या फोनवर येतोच. बाबासाहेबांनी कामाचे 14 तास 8 वर आणले, असं त्यात असतं. आपण हात जोडतो आणि पुढे पाठवतो. त्या फॉरवर्डमध्ये खरं बरंच आहे. पण आकडे चुकलेत. आणि आकड्यांपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे काही बायका त्यातून गायब झाल्यात, त्यातल्या बऱ्याच आपल्याच विदर्भातल्या. आज त्यांच्याविषयी बोलायचंय, पण सुरुवात जरा लांबून करावी लागेल. अमेरिकेतून.

1913 च्या जुलैमध्ये भीमराव आंबेडकर बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला पोचले आणि कोलंबिया विद्यापीठात शिकू लागले. त्या काळाला अमेरिकेत प्रोग्रेसिव्ह एरा म्हणतात, म्हणजे सुधारणांचं युग. त्याच वर्षी तिथे राज्यघटना दुरुस्त करून आयकर आला, आणि सिनेटर थेट लोकांनी निवडायचे असं ठरलं. आयकराची बाजू पुस्तकं लिहून मांडणारे प्रोफेसर सेलिग्मन हेच आंबेडकरांचे शिक्षक. 1915 मध्ये न्यूयॉर्क राज्यात बायकांना मत द्यायचं का, यावर पुरुषांचं मतदान झालं. पुरुष नाही म्हणाले. दोन वर्षांनी पुन्हा मतदान झालं, तेव्हा हो म्हणाले.

पण त्या शहरातली सगळ्यात ताजी जखम होती आगीची.

25 मार्च 1911, शनिवार. ट्रँगल नावाचा ब्लाउज शिवायचा कारखाना, इमारतीच्या आठव्या, नवव्या आणि दहाव्या मजल्यावर. सुट्टी व्हायच्या वेळेला आग लागली. नवव्या मजल्यावरचं एक दार कुलूपबंद होतं, कारण बाहेर पडताना पोरींच्या पर्स तपासायच्या, कापड चोरून नेतील म्हणून. अग्निशमन दलाची शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच पोचत होती. 146 जीव गेले. बहुतेक इटालियन आणि ज्यू पोरी, तुमच्या-माझ्या वयाच्या, काही तर 14-15 वर्षांच्या. मालकांवर खटला चालला आणि ते निर्दोष सुटले.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. आगीच्या दीड वर्ष आधी, नोव्हेंबर 1909 मध्ये, याच शहरातल्या शिवणकाम करणाऱ्या हजारो पोरी संपावर गेल्या होत्या. एका सभेत मोठे मोठे पुढारी तास-दोन तास भाषणं करत होते आणि मुद्द्याला कोणी हातच घालत नव्हतं. शेवटी क्लारा लेमलिक नावाची 23 वर्षांची कामगार उठली आणि आपल्या यिडिश भाषेत म्हणाली की भाषणं पुरे, संप जाहीर करा. (आपल्याकडच्या सभांनाही अशी एक क्लारा हवी, पण असो.) त्या संपात ट्रँगलच्या पोरीही होत्या. म्हणजे मागणी आधी झाली होती, ऐकलं मात्र आगीनंतर. मग न्यूयॉर्क राज्याने चौकशी आयोग नेमला, त्याने कारखाने फिरून पाहिले आणि पुढच्या तीन-चार वर्षांत तीसहून जास्त कायदे झाले. बायकांचा कामाचा आठवडा 54 तासांवर आला. हा 54 चा आकडा डोक्यात ठेवा.

या सुधारणांचं फार कौतुक करायचीही गरज नाही. 1913 मध्येच राष्ट्राध्यक्ष झालेल्या विल्सन यांच्या सरकारने दिल्लीसारख्याच त्यांच्या राजधानीत, म्हणजे वॉशिंग्टनच्या सरकारी कचेऱ्यांत, काळ्या कर्मचाऱ्यांची टेबलं आणि संडास वेगळे केले. सुधारक म्हणवणाऱ्यांचं सरकार होतं हे! 1920 मध्ये बायकांना देशभर मताचा हक्क मिळाला, पण दक्षिणेतल्या बहुतेक काळ्या बायकांना तो वापरायला 1965 उजाडावं लागलं. जातीच्या देशातून गेलेल्या विद्यार्थ्याच्या आजूबाजूला हे चाललं होतं. 9 मे 1916 ला त्याने तिथल्या चर्चासत्रात भारतातल्या जातींवर निबंध वाचला, आणि पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्क सोडलं.

आता 1942. जुलै महिना, आपलं नागपूर, मोहन पार्क. अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली होती. बाबासाहेबांची व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात नेमणूक नुकतीच जाहीर झाली होती, आणि खातं मिळणार होतं मजुरांचं. त्याच मांडवात 20 जुलैला महिलांची वेगळी परिषद झाली. अध्यक्ष होत्या सुलोचनाबाई डोंगरे. या परिषदेचे ठराव आज वाचले तरी चकित व्हायला होतं. बायकोला घटस्फोटाचा हक्क हवा. एकापेक्षा जास्त लग्नांवर कायद्याने बंदी हवी. आणि गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका, रेल्वे इथे राबणाऱ्या बायकांसाठी वर्षाला 21 दिवसांची किरकोळ रजा, एक महिन्याची हक्काची रजा, इजा झाली तर भरपाई, 20 वर्षं नोकरी झाल्यावर महिना किमान 15 रुपये पेन्शन. गिरण्यांत बायकांवर देखरेखीला बायकाच हव्यात, असंही एक कलम.

हे शेवटचं कलम वाचलं की मला न्यूयॉर्कमधलं ते कुलूप आठवतं. पर्स कोण तपासतो, दारात कोण उभा असतो, हे खातं चालवणाऱ्या साहेबाला सुचत नाही. ते आत काम करणारीलाच माहीत असतं.

कोणी म्हणेल, नागपुरात तर टाटांची एम्प्रेस मिल होती, तिथे पेन्शन आणि अपघाताची भरपाई 19व्या शतकातच सुरू झालेली. बरोबर आहे, आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण ती मालकाची भलाई होती. शेजारच्या कारखान्यातल्या बाईला तिचा काय उपयोग? मोहन पार्कमधल्या बायका मागत होत्या ते सगळ्यांना लागू होईल असं काहीतरी.

आता फॉरवर्डचं गणित. 1911 च्या कायद्यात कापड गिरण्यांतल्या पुरुषांना दिवसाला 12 तासांची मर्यादा होती. 1922 मध्ये 11 तास, आठवड्याला 60. 1934 मध्ये बारमाही कारखान्यांत 10 तास आणि आठवड्याला 54. आला ना तोच आकडा? बाबासाहेब मजूरमंत्री असताना आणलेल्या दुरुस्तीने, 1946 मध्ये, तो 48 वर आला आणि दिवसाचे तास 9 झाले. म्हणजे 14 चे 8 नाही, 54 चे 48. ऐकायला कमी भारी वाटतं. पण आठवड्याचे सहा तास म्हणजे वर्षाचे 300, आणि तेही लाखो माणसांचे. विडीवाल्या बायका मात्र बहुतेक या कायद्याच्या बाहेरच राहिल्या.

खोट्या आकड्याने बाबासाहेब मोठे होत नाहीत, ते आहेतच मोठे. पण त्या आकड्यामुळे असं वाटतं की एका माणसाने एका सहीने सगळं देऊन टाकलं. मग आपण पुढच्या सहीची वाट बघत बसतो.

आणि सध्या सह्या उलट्या बाजूने होतायत. सप्टेंबर 2025 मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांत दिवसाच्या कामाची मर्यादा 9 वरून 12 तासांवर न्यायला मंजुरी दिली. कामगाराची लेखी संमती लागेल, असं सांगितलं गेलं. ही संमती अमेरिकेत कधीच येऊन गेलीय. 1905 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बेकरी कामगारांचा 10 तासांचा कायदा पाच विरुद्ध चार मतांनी रद्द केला. कारण काय, तर कामगाराला जास्त तास राबण्याचा करार करायचं स्वातंत्र्य आहे! महिन्याचा हप्ता डोक्यावर असलेला माणूस सुपरवायझरसमोर उभा राहून त्या कागदावर नाही लिहील का, तुम्हीच सांगा.

आणि आमच्या नंदनवनात रात्री अकरालाही पाठीवर बॅग अडकवून गल्ली शोधत फिरणारी जी पोरं दिसतात, त्यांना तर 9 पण नाहीत आणि 12 पण नाहीत. ती कामगार नाहीत, ‘पार्टनर’ आहेत.

तुमच्यापैकी जे शिफ्टमध्ये काम करतात, गिरणीत, मॉलमध्ये, कॉल सेंटरला, बाइकवर, त्यांनी आपल्या नेमणुकीच्या कागदावर किती तास लिहिलेत आणि प्रत्यक्षात किती भरतात ते मला व्हॉइस नोटवर पाठवा. नाव नको, कंपनीचंही नको. पुढचा भाग विडी कामगार बायकांवर आहे. भेटू.