पोट्ट्याच्या तोंडात तीन बोटं जातात का?

(कळमना येथे झालेल्या जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावाचा ठराव झाला, आयातीवर बोलून झालं. आता जो विषय घेऊन आम्ही उभे आहोत तो पत्रिकेत शेवटी होता. शेवटी आहे म्हणजे राहून जाईल असं ज्यांना वाटलं, त्यांनी थोडं बसावं. विषय खर्र्याचा आहे. तुमच्या-आमच्या खर्र्याचा कमी, आणि नववी-दहावीतल्या पोट्ट्यांच्या खर्र्याचा जास्त.

सुरुवात स्वतःपासून करतो. शेतकीची पदवी घेतलेले आम्ही, पंधरा वर्षं खर्रा खात होतो. शेजारचं पोट्टं सातवीत असल्यापासून टपरीवरून आम्हाला पुडी आणून द्यायचं. उरलेली चिल्लर त्याची. एकदाही मनात आलं नाही की आपण याला कुठं पाठवतो आहोत. मागच्या उन्हाळ्यात ते घरी आलं, जेवायला बसवलं. ज्वारीची भाकर होती, ठेचा होता. त्यानं ठेचा बाजूला सारला आणि भाकर दुधात कुस्करून मागितली. म्हणालं, "काकाजी, तिखट लागलं की तोंडात आग होते." तोंड उघड म्हटलं तर दोन बोटं जेमतेम गेली. वय अठरा.

निरोगी माणसाच्या तोंडात तीन बोटं उभी जातात. तिखटानं आग होणं, गालाची आतली कातडी पांढरट आणि ताठ होणं, मग तोंड कमी उघडणं, असा हा रोग चढत जातो. यात मोठा गुन्हेगार तंबाखूच्या आधी सुपारी आहे. तिच्यातल्या अरेकोलीन नावाच्या द्रव्यामुळे कातडीखाली तंतू वाढत जातात. वाढलेले तंतू मागे फिरत नाहीत, आणि पुढे त्या जागी कर्करोग होण्याचा धोका राहतो. 2004 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं निव्वळ सुपारीलाही कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. तेव्हा "आमचा बिनतंबाखूचा आहे" ही पळवाट बंद समजा.

तुम्ही कापूसवाले आहात, म्हणून कापसाच्या भाषेत सांगतो. गुलाबी बोंडअळी बाहेरून दिसत नाही. बोंड हिरवंगार असतं, आत सरकी खाऊन झालेली असते. 2017 साली आपण तेच केलं, बोंड फुटल्यावर अळी शोधली. डोमकळी दिसते तेव्हाच जो पाहतो तो वाचतो. पोट्ट्याची डोमकळी म्हणजे ठेचा नको म्हणणं.

हे लागतं कधी? 2019 च्या देशव्यापी शालेय पाहणीत 13 ते 15 वयाच्या मुलामुलींपैकी 8.5 टक्के कोणता ना कोणता तंबाखू वापरत होते. चघळायचा तंबाखू घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांनी तो दहावा वाढदिवस होण्याआधीच सुरू केला होता. म्हणजे कॉलेजातली वाईट संगत नंतरची. पहिली संगत घरातली, धुऱ्यावरची, आणि वेचणीला माय जाते तिच्या कमरेच्या पिशवीतली. मायबहिणींनी राग मानू नये.

याच कळमन्याच्या बाजारात बघा. मालाबरोबर बापानं पोराला पाठवलं. रात्रभर गाडीत जागायचं, पहाटे बोली. भूक लागली, झोप येते. एक खर्रा दाबला की दोन्ही मरतात. हमालही त्यासाठीच खातो. शौक म्हणून कमी, अंग चालवायला जास्त. शहरातच राहिलेली, घर सुटलेली मुलं त्याहून पुढं जातात, पंक्चरचं सोल्युशन आणि व्हाइटनर हुंगतात. केंद्र सरकारच्या 2019 च्या अहवालात हुंगण्याची नशा ही एकच अशी निघाली की तिचं प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त आहे, जवळजवळ दुप्पट.

आता तुम्ही म्हणाल, भाव मिळाला की सगळं सुटेल. आम्हीही प्रत्येक सभेत तेच म्हणतो. पण 2022 च्या सुरुवातीला कापूस दहा हजारांवर गेला होता. त्या वर्षी टपऱ्या कमी झाल्या का? आमच्या गावात एक वाढली. भाव पाहिजेच, पण दहावी नापास पोट्ट्याला दिवसभर बसायला पानठेल्याशिवाय जागा नाही, हे भावानं सुटत नाही. त्याला गावात कोणी काम सांगत नाही, सांगितलं तर खर्रा आणायचंच सांगतात.

हिशेब करा. खर्रा 20 रुपयांचा धरा, दिवसाला तीन. वर्षाचे 21,900 रुपये झाले. 2025-26 ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8,110 होता. म्हणजे एका तोंडात जवळजवळ पावणेतीन क्विंटल कापूस गेला. कोरडवाहूत तेवढ्यासाठी किती जमीन लागते ते तुम्हाला ठाऊक आहे. घरात खाणारे तीन असले तर काय, ते तुम्हीच मांडा.

सरकार काय करतं? गुटखाबंदी 2012 ची आहे. 2003 च्या कायद्यानं अठराच्या खालच्याला तंबाखू विकता येत नाही, शाळेपासून शंभर यार्डांत, म्हणजे 91 मीटरमध्ये, कोणालाच विकता येत नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्यात मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. कायद्याची कमतरता नाही. पण इन्स्पेक्टराच्या भरवशावर आपण कधी काही मिळवलं आहे? शिवाय टपरीवालाही आपल्यातलाच, तीन एकरवाला. त्याला जेलात घालून आपल्याला काय मिळणार? त्याच्याशी गावानं बसून बोलावं, पोट्ट्यांना द्यायचं नाही एवढंच. गडचिरोलीत बायांनी गावोगाव आधी दारूवर जोर लावला, तेव्हा 1993 साली जिल्ह्यात दारूबंदी आली. तिथं 2016 पासून मुक्तिपथचं काम दारू आणि तंबाखू दोन्हींवर चालू आहे.

ते शेजारचं पोट्टं आता नागपूरला दंत रुग्णालयात जातं. खर्रा सुटला आहे, दोन वेळा परत धरून मग सुटला. तोंडाचा व्यायाम करतं. डॉक्टर म्हणतात, आहे तेवढं टिकलं तरी खूप. आमचा सुटून चौदा महिने झाले. सोडायचा असेल त्यांनी 1800-11-2356 या सरकारी नंबरवर फोन करावा, पैसे लागत नाहीत.

आज एवढंच मागतो. आपल्या बैठकीत यापुढं पुडी फिरणार नाही आणि कार्यकर्त्यांनी पोट्ट्याला आणायला पाठवायचं नाही. घरी गेल्यावर पोराला रागावू नका, नुसतं तोंड उघडायला सांगा आणि बोटं मोजा. आणि पुढच्या बैठकीला येताना आपल्या गावच्या शाळेच्या फाटकापासून टपरी किती पावलांवर आहे, तो आकडा कागदावर लिहून आणा.